पाटीवरचा ‘ल’

(मंडळाच्या श्रावणातील व्याख्यानमालेत स्मरणिका समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या संध्याकाळी पडद्यावर दाखवलेली चित्रे इथे देता आली नाहीत, म्हणून काही ठिकाणी वर्णन थोडे वाढवले आहे.)



व्याख्यानमालेत स्मरणिका समितीने बोलावं, हा प्रकार पहिल्यांदाच होतो आहे. एरवी आम्ही तुमच्यासमोर येतो ते काहीतरी मागायला. जाहिरात द्या, लेख द्या, आणि देणारच आहात तर वेळेत द्या. आजही मागायचं आहेच, पण ते शेवटी. आधी विषय.

गेली तीन-चार वर्षं स्मरणिकेच्या मुखपृष्ठाबद्दल तुमच्यापैकी अनेकांनी आम्हाला थांबवून विचारलं, की हे जुन्या धाटणीचं अक्षर कुठून काढता? कुणी कौतुकाने विचारलं, कुणी ‘आता हे काय जुनाट’ अशा सुरात. दोघांनाही उत्तर देणं लागतो. आमच्या समितीत छपाईच्या धंद्यातले दोघे आहेत, चित्रकला शिकवणारी एक आहे आणि बाकीचे आम्ही हौशी. जुन्या छपाईतून, जुन्या पाट्यांवरून, जुन्या चित्रांतून आज काही नवं रेखाटायचं असेल तर त्यातून घ्यायचं काय आणि सोडायचं काय, यावर आमच्यात दर वर्षी आषाढापासून भांडणं सुरू होतात. त्या भांडणांचा हा गोषवारा समजा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जुनं म्हणजे चांगलं, असं आम्ही मानत नाही. मंडळाच्या कपाटातल्या जुन्या स्मरणिका आम्ही एकेक करून पाहिल्या आहेत. काहींमध्ये एकाच पानावर सहा वळणांची अक्षरं आहेत. ती काही कलात्मक निवड नव्हती, छापखान्यात एका मापाचे खिळे संपले म्हणून जुळाऱ्याने हाताला लागले ते लावले होते. फोटोंचे ब्लॉक इतके झिजलेले, की अध्यक्ष कोण आणि सत्कारमूर्ती कोण हे ओळींवरूनच कळावं. तेव्हा जुन्या गोष्टीकडे बघताना भाबडेपणा नको. पण त्याच कपाटात असं एखादं मुखपृष्ठ निघतं, दोन रंगांत छापलेलं, मधोमध फक्त ‘गणेशोत्सव’ एवढाच शब्द, आणि आम्ही सगळे गप्प होऊन त्याच्याकडे बघत बसतो. आजचा संगणक लाखो रंग देतो, आणि तरी आम्हाला ते जमत नाही. का जमत नाही, या प्रश्नाने आम्हाला कामाला लावलं.

बडोद्यात राहून हा विषय बोलणं तसं सोपं आहे. देवादिकांची जी रंगीत चित्रं हिंदुस्थानभर घरोघरी लागली, त्या कहाणीची सुरुवात बरीचशी याच गावात झाली. सयाजीराव महाराजांना अधिकार मिळाले त्या सुमारास, म्हणजे १८८१ साली, दिवाण सर टी. माधवराव यांच्यामुळे राजा रविवर्मा बडोद्याला आला. पुढे महाराजांनी त्याच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करवून घेतली आणि १८९० साली ती पूर्ण झाली. त्याआधीच, १८८४ मध्ये, माधवरावांनी रविवर्म्याला पत्र लिहून सुचवलं होतं, की तुमच्या चित्रांना मागणी इतकी आहे की एका हाताने ती पुरवता येणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घ्या. रविवर्म्याने शेवटी स्वतःचाच छापखाना काढला. १८९४ साली मुंबईत, आणि नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती ही त्या छापखान्याची, नाहीतर त्याची नक्कल करणाऱ्या कुणाची तरी.

ज्या १८९० साली ती चौदा चित्रं पुरी झाली, त्याच वर्षी इथे कलाभवन सुरू झालं. त्रिभुवनदास गज्जर हे त्यामागचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कलाभवन हे नाव ऐकून फक्त चित्रकला समजू नका. कापड रंगवण्यापासून यंत्रकामापर्यंत हाताला धंदा देणारं ते शिक्षण होतं. दादासाहेब फाळके तिथे शिकले आणि पुढे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाई आणि ब्लॉक करण्याच्या धंद्यात होते. सांगायचं हे, की या गावात चित्र, छपाई आणि कारागिरी ही तीन वेगळी खाती कधी नव्हती.

आता त्या रंगीत चित्रांकडून काय शिकायचं? देवीचा चेहरा नव्हे, कमळ नव्हे, मोरही नव्हे. ते उचलणं सगळ्यात सोपं, म्हणून लग्नपत्रिकांवर आज तेच दिसतं. शिकायची ती रंगांची काटकसर. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. दगड जितके जास्त तितका खर्च जास्त, आणि एक दगड केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर यायचा. त्यामुळे कारागीर आधी विचार करी, की हा हिरवा मला वेगळा हवा, की पिवळ्यावर निळे ठिपके देऊन भागेल? भिंगातून एखादं जुनं चित्र पाहा, सगळा कारभार ठिपक्यांचा दिसेल. हीच काटकसर जुन्या कापड गिरण्यांच्या ताग्यांवर चिकटवलेल्या छापांत दिसते, काडेपेट्यांवर दिसते, साबणाच्या कॅलेंडरांवर दिसते. आम्ही गेल्या वर्षी स्वतःला नियम घालून घेतला, की मुखपृष्ठाला तीनच रंग, आणि चौथा हवा असेल तर तो तिघांतल्या दोघांच्या मिश्रणातून आला पाहिजे. पहिले आठ दिवस चरफड झाली. नवव्या दिवशी मुखपृष्ठ झालं.

चित्रांबद्दल एवढं पुरे. आमचा खरा जीव अक्षरांत आहे.

गेल्या वर्षी प्रवेशद्वारावर जी कमान लावली होती, ती आठवते? ‘मंगलमूर्ती मोरया’. अक्षरं मोठी, सोनेरी, लांबून दिसणारी. तिच्यातला ‘ल’ मराठी नव्हता. तुम्ही म्हणाल, ल मध्ये मराठी काय आणि बिनमराठी काय? तर आहे. हिंदीत जो ल रुळला आहे, त्याला उजवीकडे उभा दंड असतो आणि अक्षर त्या दंडाला टेकून उभं राहतं. मराठी ल ला तो दंड नाही. शिरोरेषेपासून एक आखूड रेघ खाली येते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन पाकळ्या सुटतात. तसंच ‘श’ चं. मराठी श चा डावा भाग देठाने शिरोरेषेला लोंबतो. दुसऱ्या श मध्ये तिथे गाठ असते. हे आमचं खूळ नव्हे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून ठरवले आहेत. गंमत म्हणजे आपल्या बाप्पाच्या गजरात दोन्ही येतात. ‘गणेश’ मध्ये श आणि ‘मंगलमूर्ती’ मध्ये ल.

दंडाचा ल वाईट आहे असं कुणी समजू नये. तो देखणा आहे, आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे. एकेकाळी उत्तरेकडच्या छपाईत अ, झ, ण यांची वळणं निराळी असत. पुढे हिंदीसाठी प्रमाण देवनागरी ठरवताना मुंबईकडची वळणं घेतली गेली. म्हणजे आपला ण त्यांच्याकडे गेला. तक्रार एवढीच, की त्यांचा ल आपल्याकडे आला तो कुणी ठरवून नव्हे. संगणकावर सहज सापडणाऱ्या पुष्कळशा अक्षरसंचांत तोच पहिला उमटतो, कमान करणारा माणूस तोच घेतो, आणि आपण मान वर करून ‘छान झालीय’ म्हणतो. खरं तर काही अक्षरसंचांत मराठी ल आणि श आतच असतात. संगणकाला भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ते बाहेर येतात. सांगायचं राहून जातं.

पुण्यात किंवा नाशकात हे एक वेळ चालून जाईल. तिथे बसवर, शाळेच्या फळ्यावर, दुकानाच्या पाटीवर मराठी ल दिसत राहतो. आपलं तसं नाही. आपली मुलं शाळेत गुजराती आणि इंग्रजी वाचतात, आणि देवनागरी त्यांच्या हातात येते ती हिंदीच्या तासाला. आमच्यातल्या एकीच्या नातीने मागच्या दिवाळीत आजीने लिहिलेली फराळाची यादी पाहिली आणि ‘लाडू’ मधला ल लाल पेनने दुरुस्त केला. आजी, तुला ल येत नाही का, म्हणाली. आता या मुलीला तो दुसरा ल दिसणार कुठे? पुस्तकं ती वाचत नाही, कारण अजून मराठी वाचताच येत नाही नीट. तिच्या डोळ्यांसमोर मराठी येते ती या सभागृहात, दहा दिवस, आणि तीही कमानीवर, पाटीवर, आरतीच्या पुस्तिकेवर. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी अक्षर हे आधी चित्र असतं. ते चित्रच आपण दुसऱ्याचं लावलं, तर पुढे वाचायला तरी ती कशाला शिकेल?

म्हणून आम्ही विचारायला लागलो, की हा ल जुन्या लोकांनी काढला कसा?

मुळात बोरूने. बोरूचं टोक तिरकं तासतात, आणि देवनागरीसाठी ते रोमनच्या उलट बाजूला तासतात. त्यामुळे डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारी रेघ जाड येते आणि तिला छेदणारी बारीक. इंग्रजी सुलेखनाच्या निबने मराठी लिहायला बसलात, तर अक्षर कुठेतरी खटकतं. त्याचं कारण हे, जाडी नको तिथे पडते. मोडी लिहिणारे तर आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत. तुमच्या घरी गायकवाडीतले जुने कागद असतील तर ते या नजरेने एकदा बघा. वाचता नाही आले तरी चालेल. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ती ओळ दिसते, वाऱ्याने सगळी एकाच बाजूला कललेली.

मग छपाई आली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ साली पंचांग छापलं, ते मराठीतलं पहिलं छापील पंचांग. शाईत चरबी असेल या भीतीने सोवळ्यातले लोक छापील पोथीला हात लावेनात, तेव्हा शाईत तूप घालून छापल्याचीही हकिगत छपाईच्या इतिहासात आहे. (तुपाची शाई! आजच्या भावात एक स्मरणिका निघायची नाही.) शिळाछापात हाताने लिहिलेलं अक्षरच उमटे, म्हणून त्या पोथ्यांत बोरू जिवंत आहे. खिळ्यांत तो गोठला. गोठला, पण फार देखण्या रीतीने. जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे खिळे घडवले राणोजी रावजी आरू यांनी. आपल्या आजोबांच्या संस्कृत पोथ्या, स्तोत्रसंग्रह, ज्ञानेश्वरी, यातलं काही ना काही निर्णयसागरचं असतंच. जावजींचं नाव पुस्तकावर आहे. राणोजींचं नाव किती जणांनी ऐकलं आहे? पोलादाच्या दांडीच्या टोकावर, नखाएवढ्या जागेत, उलटा ल कोरणारा हा माणूस. त्या ल च्या दोन पाकळ्या सारख्या नाहीत. डावी किंचित लहान आहे. आम्ही भिंगाखाली मापून पाहिलं. तेवढ्या फरकाने ते अक्षर चालल्यासारखं वाटतं. दोन्ही सारख्या केल्या तर ते जागच्या जागी बसतं, वजनाच्या काट्यासारखं.

खिळ्यांची देवनागरी म्हणजे कटकटीचं काम. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी खिळे लागत. ते कमी कसे करता येतील यावर लोकमान्य टिळकांनीही डोकं घातलं होतं. गणेशोत्सवाच्या मांडवात त्यांचं नाव घेताना आपल्याला ही गोष्ट क्वचितच आठवते. दोन खिळे जिथे जुळत, तिथे शिरोरेषेत केसाएवढी फट राही. जुन्या पुस्तकात ती सगळीकडे दिसते. ती फट म्हणजे तंत्राची अडचण होती, सौंदर्य नव्हतं. आजकाल काही हौशी लोक जुना आव आणण्यासाठी मुद्दाम ती फट काढतात, कागदाला चहाचे डाग पाडतात, कडा जाळतात. आम्हाला ते मुळीच पटत नाही. ज्यांनी ते छापलं त्यांनी फट दिसू नये म्हणून जिवाचं रान केलं, आणि आपण नेमकी तीच उचलायची? जुन्या माणसाची आठवण म्हणून त्याचा खोकला काढून दाखवण्यासारखं आहे हे.

मग उचलायचं काय? त्याने अडचणीवर काय तोड काढली ते. याचा उत्तम मासला आपल्या खिशात असायचा, तो म्हणजे सयाजीराव महाराजांचा रुपया. महाराजांच्या चेहऱ्याभोवती देवनागरीत नाव आहे. देवनागरी ही सरळ ओळीची लिपी. तिला गोल वाकवायचं म्हणजे शिरोरेषेचं काय करायचं हा प्रश्न येतो. नाणं घडवणाऱ्याने अक्षरांची डोकी काठाकडे आणि पाय महाराजांकडे ठेवले, आणि नाण्याचा काठच जणू शिरोरेषा झाला. यंदा स्वयंसेवकांचे जे बिल्ले आहेत, त्यांवर गोलात मंडळाचं नाव बसवताना आम्ही हाच रुपया समोर ठेवला. नाण्यावरचं एकही अक्षर घेतलेलं नाही. घेतली ती युक्ती.

दुसरा मासला आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्याच्यावर आमचं जास्त प्रेम आहे. भांड्यांवर घातलेली नावं. बायकांना हे सांगायला नको. घागर, तपेलं, ताट, वाट्या, प्रत्येकावर कुणी दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं आणि तारीख. नावं घालणारा टोकदार छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके देत जायचा, ठिपक्याला ठिपका लागून अक्षर तयार व्हायचं. गोल भांड्यावर, वाकड्या पृष्ठावर, खोडायची सोय नाही. एकदा ठोका पडला की पडला. म्हणून त्या अक्षरांत फापटपसारा नसतो. वळण जितक्या कमी ठिपक्यांत होईल तितक्यात केलेलं. ‘ग’ चा गोळा तीन ठिपक्यांत, ‘म’ ची गाठ जवळजवळ नाहीच. आणि ल? पाकळीचाच, बहुतेक भांड्यांवर. आमच्यातल्या एकाच्या घरी पितळेचं तपेलं आहे, त्याच्या आत्याला लग्नात मिळालेलं. त्यावर अठरा अक्षरं आहेत. यंदाच्या स्मरणिकेत लेखांची जी शीर्षकं आहेत, ती त्या तपेल्यावरून उतरवली आहेत. तुम्ही वाचाल तेव्हा ठिपके दिसणार नाहीत, ते आम्ही काढून टाकले. राहिला तो अक्षराचा सांगाडा आणि त्याची घाई.

हे करताना कळलं, की अठरा अक्षरांवरून बाकीची काढता येतात. यात जादू नाही, देवनागरीची घडणच तशी आहे. ‘व’ हातात आला की ‘ब’ आणि ‘क’ त्यातूनच निघतात. ‘प’ वरून ‘ष’ आणि ‘फ’. ‘स’ च्या डाव्या अंगात ‘र’ बसलेला असतो. ‘ट’ ला पोटात वळवलं की ‘ढ’, पूर्ण मिटवलं की ‘ठ’. जी अक्षरं कुणाचीच नातलग नाहीत, जसे इ, झ, ह, ती मात्र स्वतः विचार करून काढावी लागतात, आणि तिथेच कळतं की तुम्हाला त्या जुन्या कारागिराचा हात समजला आहे की नुसतं गिरवलं आहे. झ वर आम्ही तीन रविवार घालवले.

या वाटेने आपल्या आधी मोठी माणसं गेली आहेत. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं. दलाल आणि मुळगावकर यांची मुखपृष्ठं आपल्या घरांत रद्दीत कधीच गेली नाहीत, पलंगाच्या पेटीत गेली. पुढच्यांना विनंती, पेटी उघडलीत तर मुखपृष्ठावरच्या बाईकडे बघून झाल्यावर अंकाच्या नावाकडेही बघा. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं रेखाटली, एक नाही, शेकड्यांनी. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाव पाहिलं की नाटक हसवणारं आहे की रडवणारं हे कळायचं. र. कृ. जोशी तर बोरू आणि संगणक या दोन्ही तीरांवर उभे होते. खडकांवरच्या, शिलालेखांवरच्या अक्षरांचा अभ्यास करणाऱ्या याच माणसाने मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा अक्षरसंच केला, जो आपल्यापैकी हजारोंनी नाव माहीत नसताना वापरला आहे.

आणि आज? ‘यात्रा वन’ नावाचा एक अक्षरसंच आहे, मुंबईच्या लोकल स्टेशनांवर हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. तो करणारी बाई आहे कॅथरीन ली श्मिट. दादर-कुर्ल्याच्या पाटीत काहीतरी घेण्यासारखं आहे हे तिला दिसलं. आपण त्या पाटीखाली उभे राहून गाडी का येत नाही एवढंच बघत होतो. दुसरा आहे एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा ‘मोदक’. इतका गुबगुबीत, की अक्षराच्या पोटातली पोकळी नुसत्या रेघेएवढी उरते. आरतीच्या पुस्तिकेसाठी निरुपयोगी, पण बालगोपाळांच्या स्पर्धेच्या फलकावर लावला तेव्हा पोरांनी बोटाने दाबून पाहिला. दोन्ही फुकट मिळतात, कुणाची परवानगी मागावी लागत नाही. कमान करणाऱ्याला एवढं तरी आपण सांगू शकतो.

आता मागणं.

तुम्हाला ठाऊक आहे की विसर्जनानंतर या इमारतीचं काम निघणार आहे आणि दर्शनी भागातली जुनी पाटी उतरणार आहे. लाकडाची, वर पत्रा, काळ्या रंगावर पिवळी अक्षरं. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात मंडळाचं नाव आणि खाली छोट्या अक्षरात ‘मोफत वाचनालय’. ती रंगवली कुणी, याची नोंद आम्हाला कपाटात सापडली नाही. दांडिया बाजारातले एक पेंटर होते, एवढंच जुनी मंडळी सांगतात, आणि ते गुजराती होते असंही सांगतात. असतील तर अधिकच मोलाचं, कारण त्या ‘वाचनालय’ मधला ल पाकळीचा आहे आणि आम्ही पाहिलेल्या सगळ्या ल मध्ये तो उजवा आहे. गुजरातीला शिरोरेषा नाही. त्या माणसाने शिरोरेषा बहुधा सगळ्यात शेवटी ओढली असावी, कारण काही ठिकाणी ती अक्षराच्या डोक्यावरून गेली आहे, अक्षराला धरून नाही. रंगाचे थर बघा, कळेल.

नव्या पाटीसाठी कार्यकारिणीकडे आत दिवे असलेल्या अक्षरांचा प्रस्ताव आला आहे. दिव्यांना आमचा विरोध नाही, रात्री पाटी दिसली पाहिजे. आमचं म्हणणं असं, की दिवे हवे ते लावा, अक्षरं आम्ही देतो. जुन्या पाटीवर जी आहेत, त्यांच्यावरून आम्ही बाकीची काढतो आणि नव्या पाटीची अक्षरं त्यांतून कापून घेऊ. खर्चात फरक पडत नाही. पत्रा कापणाऱ्या यंत्राला कोणता ल कापतो आहे याचं काही देणंघेणं नसतं. कार्यकारिणीने अजून होकार दिलेला नाही. काही सभासदांना वाटतं की नव्या इमारतीवर जुन्या वळणाचं अक्षर शोभणार नाही. त्यांनी वरच्या मजल्यावर लावलेला आमचा पाच फुटी नमुना जाताना जरूर बघावा आणि मग नाही म्हणावं. नाही म्हणालात तरी पाटी भंगारात देऊ नका, एवढं आजच मागतो.

ठसा घेण्याचं काम मात्र थांबवता येणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, पाटीला शिडी लागेल. मोठे ट्रेसिंग कागद आणले आहेत, मऊ पेन्सिली आणल्या आहेत. शिडी धरायला दोन जण हवेत, आणि कागद ताणून धरायला उंच मुलं. मुलांना आणाच. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर नक्की. अक्षर कुठलं आहे हे माहीत नसलेला माणूस ते जास्त प्रामाणिकपणे गिरवतो, असा आमचा अनुभव आहे.

आणि येताना घरातलं एक नाव घातलेलं भांडं घेऊन या. पितळेचं, तांब्याचं, स्टीलचं, कसलंही. जुन्या लग्नपत्रिका, रुखवतातले भरतकामाचे रुमाल, दुकानाच्या छापील बिलांची पुस्तकं असतील तर तीही. खाली वाचनालयात टेबल मांडलेलं असेल, तिथेच छायाचित्र घेऊन वस्तू लगेच परत देऊ. भांडं घासून आणू नका. चिंचेने लख्ख केलं की ठिपके चमकतात आणि छायाचित्रात अक्षर हरवतं. खाचांत थोडा काळेपणा राहू द्या.